डिस्का नव्या केल्या

१

तडा बोटाला लागला तेव्हा मी हवालदाराकडे पाणी मागितलं.

पोलीस ठाण्यामागच्या आवारात निशांतची गाडी पडून होती. तिचं पुढचं डावं चाक काढून बाजूला ठेवलेलं, आणि त्या चाकामागची ब्रेकची डिस्क माझ्या हातात. डिस्क म्हणजे ताटाएवढी लोखंडी चकती. ब्रेक दाबला की दोन बाजूंनी दोन पॅड हिला चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. या चकतीला मधल्या भोकापासून कडेपर्यंत आरपार चीर गेली होती. सोळा दिवसांपूर्वी भर दुपारी बरुआसागरच्या उतारावर निशांतने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबली ती विटांनी भरलेल्या ट्रॉलीखाली.

मी वामन सरोदे. छत्तीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात मालडब्यांची चाकं मोजली. झिजलेलं चाक खरादीवर चढवायचं, वरचा थर काढून गुळगुळीत करायचं, परत मोजायचं, आणि माप ठरलेल्या आकड्याखाली गेलं की खडूने फुली मारून भंगारात टाकायचं, एवढंच माझं आयुष्य. निवृत्त झाल्यावरही मायक्रोमीटर खिशातून सुटलेला नाही. लोक हसतात, हसू देत.

डिस्कवर कारखान्याने कोरलेलं वाचलं. कमीत कमी जाडी वीस मिलिमीटर. पॅड जिथे घासतात तिथे मोजलं, तर अठरा पूर्णांक आठ. अगदी बाहेरच्या कडेला, जिथे पॅड पोचत नाहीत, वीस पूर्णांक दोन. त्या कडेवर खरादीच्या बारीक गोल रेघा अजून शाबूत होत्या. म्हणजे ही डिस्क जुनी होती. कोणीतरी ती खरादीवर घासून गुळगुळीत केली होती आणि परत बसवली होती.

आणि मी निशांतला सांगितलं होतं की डिस्क नव्या आहेत.

गेल्या दसऱ्याला त्याने ही गाडी रत्नाकर पित्रे यांच्याकडून घेतली. पित्रे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून, झाशीतल्या जुन्या मराठी घराण्यातले. गाडीचं प्रत्येक काम त्यांनी एका वहीत मराठीत टिपून ठेवलेलं. निशांतचा जन्म इथला. मराठी कळायचं त्याला, वाचताना मात्र अडखळायचा. त्याने एका पानाचा फोटो मला पाठवला, ‘काका, इसमें क्या लिखा है?’ मी चष्मा लावून वाचलं. ‘बॅटरी नवी घेतली. चारी टायर नवे घेतले. पुढच्या डिस्का नव्या केल्या, सुभाषचंद्राकडे.’ गुडघे दुखत होते, गाडी पाहायला जायचा कंटाळा आला होता, आणि वही आपल्या माणसाची होती. मी उत्तर पाठवलं, ‘डिस्क भी नई हैं. आँख मूँदकर ले लो.’

त्याची आई अनुसूया आमच्याच कॉलनीत दोन घरं सोडून राहते. तिचा नवरा विठोबा माझ्याबरोबर कारखान्यात होता, तो जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी माझ्या दुधाबरोबर तिचंही दूध मीच आणतो. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दूध घेताना ती म्हणाली, ‘‘भाऊजी, दरोगाजींनी सोमवारपर्यंत तहरीर मागितलीय. लेखी तक्रार. सगळे म्हणतात त्या खरादवाल्याचं नाव लिहा. तुम्ही सांगाल तेच मी लिहीन. माझ्या पोराला कोणी मारलं ते नाव मला पाहिजे.’’

म्हणून मी त्या आवारात उभा होतो. डिस्क खाली ठेवताना पॅडकडे लक्ष गेलं आणि मी परत वाकलो. पॅड जवळजवळ कोरे होते, महिन्याभरात बसवलेले. पॅड बदलायचे तर चाक काढावंच लागतं आणि डिस्क डोळ्यांसमोर येतेच. म्हणजे ही झिजलेली डिस्क कोणीतरी उघडी पाहिली होती, आणि झाकून गाडी परत रस्त्यावर सोडली होती.

२

सीपरी बाज़ारात गल्लीच्या तोंडाशी सुभाषचंद्र विश्वकर्माची खराद आहे. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पित्र्यांचं नाव काढताच त्याने यंत्र बंद केलं आणि बुंदेलीत सांगू लागला.

‘‘हाँ बाबूजी, हमई ने करी ती. डेढ़ साल भओ. डिस्क में लकीरें पड़ गईं तीं, ब्रेक मारो तो पैडल काँपे.’’

‘‘नई डाली थी?’’

‘‘नई काए खों? गुंजाइश हती. खराद पे चढ़ाई, दोई तरफ से सफाई मारी, बीस दशमलव दो छोड़ी. पित्रे जी से कह दई ती, अबकी तो हो गई, अगली बेर बदलनी परहै.’’

वीस पूर्णांक दोन. हा आकडा मी कोणालाही सांगितलेला नव्हता. पॅड न पोचणाऱ्या कडेवर तोच आकडा अजून होता, कारण खरादीवरून उतरल्यानंतर त्या कडेला कोणाचाच स्पर्श झाला नव्हता. माणूस खरं बोलत होता. त्याने डिस्क मापात सोडली होती. नंतरची झीज रस्त्यावरची होती.

तरी मी पित्र्यांची वही पुढे केली, हवालदाराकडून मागून आणलेली. ‘‘इसमें लिखा है, नई.’’

त्याला मराठी वाचता येईना. ‘‘नई डारते तो पुरानी मालिक खों लौटाते, बाबूजी. हमाई दुकान को नियम है. पूछ लो पित्रे जी से, हमने कछू लौटाओ?’’ मग आवाज उतरला. ‘‘लड़का के घर सें तहरीर हो रई है का? हमें जेल हो जैहै?’’

त्याने तेलकट हात फडक्याला पुसले. छत्तीस वर्षं असले हात पाहिलेत मी. हे हात मापाशी खोटं बोलत नाहीत. मी त्याला म्हणालो की सोमवारपर्यंत थांब, आणि निघालो. मनात एकच नाव उरलं होतं, पित्रे. जुन्या डिस्क घासून घेतल्या आणि वहीत ‘नव्या’ लिहून गाडी विकली. सरळ हिशेब होता, आणि मला तो फार आवडला, हे आज कबूल करतो.

ऑटोत बसून मी वही उघडली. ती गाडीच्या कप्प्यात सापडली होती आणि अपघातापासून पोलिसांकडेच होती. फोटोतलं पान मला पाठ होतं. पुढचं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. निशांतने पाठवलं नव्हतं, मी मागितलं नव्हतं. ते उलटलं. तेच अक्षर, तीच शाई. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, ‘सुभाषचंद्र म्हणतो, पुढच्या वेळी डिस्का बदलणे आवश्यक.’

मागच्या पानावर फसवणूक आणि पुढच्या पानावर तिचा कबुलीजबाब. असा कोणता लबाड असतो?

३

पित्रे एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. दार त्यांनीच उघडलं. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात मोजे, बाहेर बेचाळीस अंश तापमान.

‘‘यावे, बसावे. बातमी समजली. दोन दिवस घरात कोणी नीट जेवलं नाही,’’ ते म्हणाले.

मला आगतस्वागत नको होतं. ‘‘पुढच्या डिस्का नव्या केल्यात तुम्ही?’’

‘‘केल्या.’’

‘‘नव्या?’’

‘‘नव्या केल्या. सुभाषचंद्राकडे. त्यास विचारावे.’’

‘‘त्याला विचारूनच आलोय. तो म्हणतो घासल्या.’’

‘‘बरोबर आहे.’’ पित्र्यांनी मान हलवली. माझ्या प्रश्नात त्यांना काही खोट दिसतच नव्हती. ‘‘आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कागद लिहिण्यात गेल्या, सरोदे. मी वहीत खोटं अक्षर लिहिणार नाही.’’

एवढा निगरगट्टपणा मी पाहिला नव्हता. तेवढ्यात त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई चहा घेऊन आल्या, पितळी तपेलीत. कपात ओतताना म्हणाल्या, ‘‘तपेली परवाच नवी केलीय. चहाला वास लागला तर सांगा हो, संकोच करू नका.’’

चहाला वास नव्हता. तपेली लखलखत होती खरी, पण तिच्या काठावर नाव कोरलेलं मी वाचलं. ‘सखाराम बाबाजी पित्रे, शके १८०२’. दीडशे वर्षांची तपेली आणि ही बाई म्हणते परवा नवी केली. या घरात जुन्याला नवं म्हणायची सवयच दिसते, असं मी मनात म्हटलं आणि म्हातारीच्या बुद्धीवर खापर फोडून मोकळा झालो. छत्तीस वर्षं तपासनीस होतो मी. उत्तर माझ्या कपात ओतलं जात होतं आणि मी फुंकर मारून ते प्यालो.

‘‘गाडी घेताना निशांतने डिस्कबद्दल काही विचारलं?’’

‘‘एक अक्षर नाही. मला नवलच वाटलं होतं. वही त्याच्या हाती दिली, तर म्हणाला, पढ़वा ली है.’’

मी उठलो. दारात थांबून जे बोललो ते परत घेता येत नाही. ‘‘तुमच्या एका शब्दाने एका बाईचा एकुलता एक मुलगा गेला.’’ पित्रे जागच्या जागी उभे राहिले. शकुंतलाबाईंनी तपेली खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

जिना उतरताना मी ठरवून टाकलं होतं. तहरिरीत पित्र्यांचं नाव. फक्त एक माणूस उरला होता, ज्याने पॅड बदलताना ती डिस्क पाहिली. आणि त्या माणसाचं नाव मला आता सुचत होतं. तेराव्याला निशांतचे सगळे मित्र आले होते. आला नव्हता तो त्याचा शाळेपासूनचा जिवलग, गाड्यांचं काम करणारा भूषण.

४

बस स्टँडजवळच्या टायरच्या दुकानात भूषण काम करतो. मला पाहताच तो मागच्या दाराकडे वळला, मग थांबला. पळायची ताकदही त्याच्यात नव्हती.

‘‘पॅड तूने बदले?’’

‘‘हाँ अंकल.’’

‘‘डिस्क देखी थी?’’

तो टायरच्या चळतीवर बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

‘‘देखी थी. पतली थी. किनारे पर पूरी लिप बन गई थी, उठी हुई कोर. पैड घिसकर लोहे तक पहुँच गए थे, उसी ने डिस्क और खा डाली.’’

‘‘फिर? उसको बोला नहीं?’’

‘‘बोला, अंकल! तीन बार बोला. कहा, निशांत, पैड से कुछ नहीं होगा, डिस्क भी बदल. रोज़ एरच और बरुआसागर से ब्लड के सैंपल लेकर भागता है, बर्फ पिघलने से पहले लैब पहुँचना है, इतने ब्रेक मारता है.’’ त्याने मान वर केली. ‘‘वो हँसने लगा. बोला, वामन काका ने खुद पढ़ा है, डिस्क नई हैं. छत्तीस साल पहिये नापे हैं उन्होंने. तू उनसे ज़्यादा जानता है क्या?’’

दुकानात हवेचा पंप चालू होता. भूषणने उठून तो बंद केला.

‘‘फिर मैंने भी मान लिया,’’ भूषण म्हणाला. ‘‘सोचा, मेरी ही आँख गलत होगी. चमक तो रही थी. एकदम नई जैसी चमक रही थी.’’ तो रडायला लागला. ‘‘तेरहवीं में किस मुँह से आता? आंटी पूछतीं, तो आपका नाम लेता क्या?’’

म्हणजे तो लपत होता तो स्वतःला वाचवायला नव्हे. तो मला वाचवत होता.

त्याच्या पाठीवर हात ठेवायचं मला सुचलं नाही. डोक्यात त्याचा शेवटचा शब्द फिरत होता. चमकत होती, नव्यासारखी. चमकत तर तपेलीही होती. दीडशे वर्षांची, आणि परवाच नवी केलेली.

मी तिथेच वही काढली. फोटोतलं पान. ‘बॅटरी नवी घेतली. चारी टायर नवे घेतले. पुढच्या डिस्का नव्या केल्या.’ बॅटरी घेतली, टायर घेतले. डिस्का घेतल्या नाहीत, केल्या.

मी पित्र्यांच्या घरी फोन लावला. शकुंतलाबाईंनी उचलला.

‘‘काकू, तुमच्याकडे भांडं नवं केलं म्हणजे काय?’’

‘‘अहो, म्हणजे काय काय? कल्हईवाल्याकडून कल्हई लावून, घासून-पुसून आणलं. सासूबाईंपासून असंच म्हणतो आम्ही.’’

‘‘आणि बाजारातून आणलं तर?’’

‘‘मग नवं घेतलं म्हणायचं. तुमच्याकडे काय म्हणतात?’’

आम्ही भुसावळकडचे. आमच्याकडे दसऱ्याला कपडे नवे केले म्हणजे कापड आणून शिवले. पाटल्या नव्या केल्या म्हणजे सोनाराकडून कोऱ्या आणल्या. मी फोन ठेवला.

५

रविवारी दुपारी अनुसूयाकडे गेलो. ती कागद आणि पेन घेऊनच बसली होती. समोर निशांतचा सॅंपल नेण्याचा बर्फाचा डबा होता, निळा, झाकणाचा. गाडीचा चेंदामेंदा झाला आणि त्या डब्याला ओरखडाही गेला नव्हता.

‘‘नाव मिळालं, भाऊजी?’’

मी सगळं क्रमाने सांगितलं, छत्तीस वर्षं अहवाल लिहिले तसं. सुभाषचंद्राने डिस्क मापात घासली. बाहेरची कड त्याची साक्ष आहे. पुढच्या वेळी बदला, हेही तो मालकाला म्हणाला. पित्र्यांनी दोन्ही गोष्टी लिहिल्या, पहिली एका पानावर, दुसरी त्याच्या पाठीवर. त्यांच्या घरच्या भाषेत डिस्का नव्या केल्या म्हणजे घासून आणल्या. त्यांना वाटलं त्यांनी खरं लिहिलंय, आणि त्यांनी खरंच लिहिलं होतं. भूषणने पातळ झालेली डिस्क ओळखली आणि तीनदा बजावलं. चौघा माणसांमधून ती गाडी गेली आणि त्यातले तिघे खरं बोलले.

‘‘आणि चौथा?’’ अनुसूयाने विचारलं.

‘‘चौथ्याने एक पान वाचलं. पुढचं मागितलं नाही. पित्र्यांना साधा एक फोन केला नाही, की केल्या म्हणजे काय केल्या? गाडी पाहायला गेला नाही. खिशात मायक्रोमीटर होता. चाक काढून मोजायला वीस मिनिटं लागली असती.’’ मी तो काढून तिच्या कागदाशेजारी ठेवला. ‘‘निशांतने भूषणचं ऐकलं नाही, कारण मी सांगितलं होतं. अनुसूयाबाई, ते नाव माझं आहे.’’

ती ओरडेल असं वाटलं होतं. मला ते हवं होतं. तिने फक्त निळ्या डब्याचं झाकण उघडलं, आत पाहिलं, परत लावलं.

‘‘त्याचा भरवसा भूषणवर होता, मेकॅनिक आहे तो. गाडी दाखवायला त्यालाच नेणार होता,’’ ती म्हणाली. ‘‘मीच म्हटलं, उसको रहने दे. आपले भाऊजी आहेत ना, त्यांना विचार. वो बोलेंगे तो ले.’’

तिच्या वाट्याचंही ओझं मी घ्यायला तयार होतो, पण ते असं काढून घेता येत नाही. खून झाला असता तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. शिव्या द्यायला कोणीतरी उरला असता.

तिने कागद माझ्याकडे सरकवला. ‘‘लिहा. हिंदी में. मेरा बेटा निशांत, ब्रेक फेल होने से. मुझे किसी पर शक नहीं है.’’

‘‘असं कसं? माझं नाव लिहा. मी स्वतः दरोग्याला सांगतो.’’

‘‘काय लिहू तुमच्या नावापुढे? कोणता गुन्हा? मराठी वाचलं?’’

मी लिहिलं. तिने एक-एक शब्दावर बोट ठेवून वाचलं. दोनदा वाचलं. मग सही केली.

‘‘त्या खरादवाल्याला आजच सांगून या. घाबरला असेल बिचारा. आणि पित्रे काकूंना माझा नमस्कार सांगा. भूषणला म्हणावं, घरी ये.’’

प्रत्येकासाठी तिच्याकडे काहीतरी होतं. मी उठलो, चप्पल घातली. ती आत गेली आणि तिची दुधाची किटली घेऊन आली. सकाळी मी दिलेली, धुतलेली, आतून कोरडी पुसलेली. नेहमी ती किटली संध्याकाळी माझ्या दाराच्या कडीला अडकवून जायची. आज तिने ती स्वतःच्या फळीवर ठेवली.

‘‘वामनराव,’’ ती म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने मला नावाने हाक मारली. ‘‘उद्यापासून माझं दूध आणू नका.’’

सुभाषचंद्राकडे जाऊन आलो. त्याने माझे पाय धरले, मी ते सोडवून घेतले. सोमवारी सकाळी साडेपाचला सवयीने निघालो, तेव्हा माझ्या हातात एकच किटली होती. डेअरीवाल्याने न विचारता दोघांचं दूध मापलं. मी त्याला म्हटलं, ‘‘अर्धंच दे.’’